मागचा लाल दिवा का पेटत नाही?
गॅरेज चालविणाऱ्या व वायरिंगचे काम करणाऱ्या कारागिरांसाठी

शिरूर कासार व आसपासच्या गावांत मोटार वायरिंगचे काम बारमाही चालते, पण दसऱ्याच्या आगेमागे ते एकदम वाढते. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघतात. त्यांचे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, टेम्पो रात्रीच्या अंधारात रस्त्यावर असतात. ट्रॉलीचा मागचा दिवा बंद असेल तर मागून वेगाने येणाऱ्या जीपवाल्याला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. म्हणून हे काम नुसत्या बल्बचे समजू नये. त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत आणि कारागिराचे नावही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा लाल दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे आणि मागची नंबर प्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. दिवा नुसता पेटून भागत नाही. तो पुरेसा उजळला पाहिजे.

आधी दिव्याची रचना समजून घ्यावी

बहुतेक जुन्या कार व जीपमध्ये मागे दोन तारांचा एकच बल्ब असतो. त्यावर १२ व्होल्ट, २१/५ वॅट असे लिहिलेले असते. ५ वॅटची बारीक तार रात्री सतत जळते, तो टेल दिवा. २१ वॅटची तार ब्रेक दाबल्यावर जळते. ५ वॅटला अर्धा अँपिअरही लागत नाही, २१ वॅटला पावणेदोन अँपिअर लागतो. या बल्बच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. खुंटी घासून तो उलटा बसवला तर टेलच्या जागी २१ वॅट सतत जळतो, काच तापते आणि ब्रेक दाबल्यावर मागच्याला काहीच फरक कळत नाही. असे काम कधीही करू नये.

वीज बॅटरीतून फ्यूज, स्विच, वायर, होल्डर व बल्ब अशी जाते आणि बॉडीच्या अर्थमधून बॅटरीत परत येते. या साखळीत एक कडी ढिली झाली की दिवा बंद. तपासणी म्हणजे ढिली कडी शोधणे.

लक्षणावरून दोष ओळखावा

एकाच बाजूचा दिवा बंद असेल तर दोष त्याच बाजूच्या बल्ब, होल्डर किंवा अर्थमध्ये असतो. स्विचला हात लावायची गरज नाही. दोन्ही टेल एकदम बंद आणि ब्रेक दिवे चालू असतील तर टेलचा फ्यूज व स्विच पाहावा. टेल चालू पण दोन्ही ब्रेक दिवे बंद असतील तर ब्रेकचा फ्यूज आणि पॅडलजवळचा ब्रेक स्विच पाहावा. ब्रेक दिवा विझतच नसेल तर स्विच अडकलेला असतो किंवा पॅडलवरचा रबरी ठोकळा तुटून पडलेला असतो. अशा गाडीची बॅटरी सकाळपर्यंत उतरते.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे ब्रेक दाबल्यावर त्याच बाजूचा दिवा मिणमिणतो, दुसरीकडचा टेलही मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की टेल लुकलुकतो. नवा कारागीर येथे बल्ब बदलत बसतो. खरा दोष अर्थचा असतो. परतीची वाट बंद झाली की वीज दुसऱ्या तारेतून उलटी शिरते आणि पलीकडच्या दिव्याची अर्थ गाठते. दिव्याच्या अर्थचा स्क्रू काढून, गंज व रंग पॉलिशपेपरने खरवडून तो घट्ट बसवावा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते.

तपासणीचा क्रम

१. बल्ब काढून पाहावा. काच काळी झाली असेल किंवा तार तुटली असेल तर बदलावा. वॅट तोच घ्यावा.

२. होल्डरमध्ये हिरवा किंवा पांढरा थर असेल तर तो घासून काढावा. खालची पितळी पत्ती दबली असेल तर वर उचलावी.

३. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीच्या स्वच्छ भागाला लावून टोक होल्डरच्या पत्तीला टेकवावे. लॅम्प पेटला तर वीज येथपर्यंत येते. मग क्लिप होल्डरच्या कडेला लावून पुन्हा टेकवावे. आता पेटला नाही तर अर्थ तुटली आहे.

४. वीज येतच नसेल तर फ्यूजकडे मागे मागे सरकावे. डिकीच्या बिजागराजवळ वायर उघडझाप होऊन आतून तुटते. तेथे बाहेरचे कव्हर धड दिसते.

मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नये. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतो, पण बल्ब पेटवण्याइतकी वीज तो धागा देऊ शकत नाही. म्हणून बल्बचा टेस्ट लॅम्प जास्त खरे सांगतो. मोठ्या ट्रकची वायरिंग बहुधा २४ व्होल्टची असते, तेथे २४ व्होल्टचाच बल्ब वापरावा. नव्या गाड्यांत दिवे संगणकाच्या हुकमाने चालतात आणि पुष्कळदा एलईडीचे असतात. तेथे बल्बचा टेस्ट लॅम्प टोचू नये किंवा दोन वायरी थेट जोडू नयेत. त्या गाड्यांना मीटर व स्कॅनर लागतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर

काही जण फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळतात. तसे केल्याने पुढे वायरिंग पेटते. योग्य रीत अशी की सर्व मागचे बल्ब काढावेत, ट्रॉलीचा प्लग उपसावा आणि फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब जोडावा. तो झळाळून पेटला तर वायर कोठेतरी बॉडीला चिकटली आहे. वायरिंग हलवत जावे, ज्या जागी बल्ब विझतो तेथे दोष असतो.

ट्रॉलीचे वेगळे दुखणे

ट्रॉलीत हुकाजवळ वायर ओढली जाते, प्लगमध्ये चिखल जातो आणि अर्थ हुकाच्या लोखंडावर सोडलेली असते. वळणावर हुक हलला की अर्थ सुटते. म्हणून अर्थची स्वतंत्र वायर ट्रॉलीपर्यंत न्यावी. वायरच्या रंगावर विसंबू नये, कारण आधीच्या कारागिराने हाती आली ती वायर जोडलेली असते. मागे लाल रिफ्लेक्टर आहेत की नाहीत हेही पाहावे. बल्ब गेला तरी मागच्या गाडीच्या उजेडात ते चमकतात.

व्यवहाराबद्दल एक गोष्ट

एक स्क्रू खरवडून दिवा पेटला तर पूर्ण दिव्याचे पैसे लावू नयेत. पण शोधण्यासाठी गेलेल्या वेळेची मजुरी उघडपणे मागावी, ती हक्काची आहे. जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा आणि दोष काय होता ते सांगावे. गाडी देण्यापूर्वी गिऱ्हाईकाला मागे उभे करून टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर व नंबर प्लेटचा दिवा एकेक करून दाखवावा. यास दोन मिनिटे लागतात, पण त्यातूनच गिऱ्हाईक पुढच्या हंगामात आपल्याकडे परत येते.