ऐतिहासिक चित्रपटातील राजबिंडा नायक : चंद्रकांत मांडरे यांच्या भूमिकांचा एक अभ्यास

छत्रपती शिवाजी महाराज कसे दिसत असतील, असे महाराष्ट्रातील एखाद्या शाळकरी मुलाला विचारले, तर तो जे वर्णन करील ते बखरीतले अथवा समकालीन पत्रातले क्वचितच असेल. भिंतीवरील तसबीर, चौकातील पुतळा, रंगभूमी आणि रुपेरी पडदा यांनी मिळून त्याच्या मनात एक मूर्ती घडविलेली असते. या चौघांपैकी पडद्याचा प्रभाव विशेष, कारण तेथे ती मूर्ती चालते, बोलते, घोड्यावर मांड ठोकते आणि डोळ्यांत पाणीही आणते. मराठी चित्रपटसृष्टीत ही मूर्ती घडविणाऱ्या नटांत कोल्हापूरचे चंद्रकांत मांडरे यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्या भूमिकांचा अभ्यास हा केवळ एका देखण्या नटाचा गौरव नव्हे. लोकांच्या मनातील इतिहास कसा तयार होतो, हे समजून घेण्याचा तो एक मार्ग होय.

कोल्हापूरची परंपरा

मराठी ऐतिहासिक चित्रपटाची पायाभरणी कोल्हापुरात झाली. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि कृत्रिम प्रकाशाच्या वापरासाठीही त्याचा उल्लेख केला जातो. पुढे प्रभात फिल्म कंपनीने १९३० मध्ये ‘उदयकाल’ काढला. त्यात व्ही. शांताराम यांनी स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली. या चित्रपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. परंतु ‘स्वराज्य’ हा शब्दच तत्कालीन ब्रिटिश अंमलास सहन होण्यासारखा नव्हता, म्हणून नाव बदलावे लागले. ऐतिहासिक चित्रपट त्या काळी केवळ करमणुकीचे साधन नव्हता, हे या एका घटनेवरून ध्यानी येते. जे भाषणात बोलता येत नसे, ते तीनशे वर्षांपूर्वीच्या पोशाखात सांगता येत असे.

चित्रकार ते नट

चंद्रकांत यांचे मूळ नाव गोपाळ मांडरे. १९१३ मध्ये जन्मलेल्या या तरुणाची पहिली ओढ चित्रकलेकडे होती आणि बाबूराव पेंटर यांच्या सहवासात ती जोपासली गेली. १९३६ च्या ‘सावकारी पाश’ या पेंटरांच्याच बोलपटातून ते पडद्यावर आले. १९४१ मध्ये प्रभातच्या ‘शेजारी’त त्यांनी काम केले आणि त्याच वर्षी भालजी पेंढारकर यांच्या ‘थोरातांची कमळा’ या चित्रपटात संभाजीराजांची भूमिका केली. उंचापुरा बांधा, रेखीव चेहरा आणि भारदस्त आवाज ही त्यांची नैसर्गिक देणगी. भालजींच्या ऐतिहासिक कथांना असाच नायक हवा होता.

त्यांच्या यशात चित्रकाराच्या दृष्टीचाही वाटा मानला पाहिजे. कृष्णधवल चित्रपटात मंदिलाचा रंग किंवा अंगरख्याची जर दिसत नाही. दिसते ती आकृती, उभे राहण्याची ऐट, मान वळविण्याची पद्धत आणि छायाप्रकाशाचा मेळ. चित्रचौकटीची जाण असलेला नट आपण कोठे उभे आहोत आणि प्रकाश कोठून येतो आहे, हे विसरत नाही. भरजरी पोशाख अनेकांच्या अंगावर नुसता लटकतो, चंद्रकांत यांच्या अंगावर तो त्यांचाच वाटे.

‘छत्रपती शिवाजी’

१९५२ मध्ये भालजींनी ‘छत्रपती शिवाजी’ हा भव्य चित्रपट काढला. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका चंद्रकांत यांची होती. पृथ्वीराज कपूर, गजानन जागीरदार, बाबूराव पेंढारकर, ललिता पवार, मास्टर विठ्ठल अशी मातब्बर मंडळी त्यांच्याबरोबर होती. १९४८ च्या जाळपोळीत भालजींच्या जयप्रभा स्टुडिओची राखरांगोळी झाली होती. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत हा चित्रपट पूर्ण झाला, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. देश स्वतंत्र झाला होता आणि ‘स्वराज्य’ या शब्दावर आता बंदी नव्हती.

चंद्रकांत यांचे धाकटे बंधू सूर्यकांत यांनी १९४३ च्या ‘बहिर्जी नाईक’ या चित्रपटात बाल शिवाजी साकारला होता. ‘महाराणी येसूबाई’ (१९५४), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) अशा चित्रपटांनी भालजींनी ही परंपरा पुढे नेली. ज्या खेड्यांत ग्रंथालय नव्हते तेथेही जत्रेच्या निमित्ताने तंबूतला सिनेमा पोहोचत असे. ऐतिहासिक ग्रंथ कधीही हाती न धरलेल्या लक्षावधी लोकांना अफझलखान, पन्हाळा व आग्रा ही प्रकरणे अशा खेळांतून परिचित झाली.

रूप आणि पुरावा

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. पडद्यावरील हे रूप कितपत खरे?

१६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी तेथील इंग्रज वखारीचा धर्मोपदेशक जॉन एस्कॅलियट याने लिहिलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन आले आहे. त्याचा आशय असा, की महाराज उंचीने बेताचे, पण प्रमाणबद्ध बांध्याचे होते. त्यांची दृष्टी तीक्ष्ण, वर्ण उजळ आणि बोलताना मुद्रा हसरी असे. उंचापुऱ्या चित्रपटनायकापेक्षा हे वर्णन बरेच निराळे आहे. त्यात भव्य देहापेक्षा चपळ देह आणि गर्जनेपेक्षा स्मित अधिक ठळक आहे.

चित्राचीही कथा अशीच आहे. एके काळी इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून प्रचारात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच चित्राचा शोध घेऊन १९३३ मध्ये महाराजांची विश्वसनीय प्रतिमा लोकांपुढे आणली. तत्पूर्वी, १९२८ मध्ये, शिल्पकार वि. पां. करमरकर यांचा अश्वारूढ पुतळा पुण्यात उभा राहिला होता. पडद्यावरील नायकाची वेशभूषा व आविर्भाव अशा चित्रशिल्पांच्या परंपरेतून सिद्ध झाले. म्हणजेच नटाचे रूप हे इतिहासाचे छायाचित्र नसून एका पिढीने इतिहासाकडे पाहिलेल्या दृष्टीचे चित्र असते. ते खोटे ठरत नाही. मात्र त्याला पुराव्याचे स्थान देता येत नाही.

संभाजीराजांवरील अन्याय

हा भेद केवळ पंडितांपुरता नाही, हे ‘थोरातांची कमळा’ या उदाहरणाने स्पष्ट होते. या चित्रपटाची प्रेमकथा दंतकथेवर उभी आहे. संभाजीराजांविषयीच्या अशा अनेक कथांचे मूळ त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिल्या गेलेल्या बखरींत आणि त्यांवरून रचलेल्या नाटक-कादंबऱ्यांत सापडते. १६८१ ते १६८९ अशी सुमारे आठ वर्षे औरंगजेबाच्या प्रचंड फौजेला तोंड देणारा आणि ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा राजा लोकांच्या मनात मात्र विलासी युवराज म्हणून उरला होता. बेंद्रे यांनी दीर्घ संशोधनानंतर १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राने आणि त्यानंतर डॉ. कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ या ग्रंथाने हे चित्र बदलले.

यात नटाचा दोष नाही. त्या काळी उपलब्ध असलेल्या समजुतींवर चित्रपट बेतला गेला आणि नटाने भूमिका मनापासून केली. परंतु नट जितका देखणा आणि अभिनय जितका परिणामकारक, तितकी चुकीची समजूतही खोल रुजते, ही गोष्ट शिक्षकाने ध्यानात ठेवावयास हवी. ‘फर्जंद’ (२०१८), ‘पावनखिंड’ (२०२२) आणि हिंदीतील ‘छावा’ (२०२५) यांसारख्या चित्रपटांमुळे शिवकाल पुन्हा पडद्यावर आला असल्याने हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

कुर्डुवाडी परिसरातील साक्षीदार

पडद्यावरील इतिहास आणि भूमीवरील इतिहास यांची सांगड घालण्यास कुर्डुवाडीसारखे दुसरे सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील हे जंक्शन पूर्वी ‘बार्शी रोड’ या नावाने ओळखले जाई. १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवर बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती एकीकडे लातूरला आणि दुसरीकडे पंढरपूरमार्गे १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ मध्ये ती सरकारच्या मालकीची झाली आणि कालांतराने हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाला. चित्रपटांचे माहेर असलेले कोल्हापूर मिरजेमार्गे अशा रीतीने या भागाशी जोडले गेले होते.

या गावाच्या चहूबाजूंस इतिहासाचे अस्सल साक्षीदार उभे आहेत. माढा आणि करमाळा या परिसरावर निजामाच्या पदरी असलेल्या रावरंभा निंबाळकरांच्या कारकिर्दीची छाप आहे. करमाळ्याचे कमलाभवानीचे मंदिर त्यांचेच. एकीकडे छत्रपतींच्या पत्नी सईबाई या फलटणच्या निंबाळकर घराण्यातील, तर दुसरीकडे याच आडनावाचा सरदार निजामाकडे, ही वस्तुस्थिती विद्यार्थ्याला पुष्कळ काही शिकवून जाते. चित्रपटात स्वकीय आणि परकीय अशी सरळ रेघ असते. प्रत्यक्षातील निष्ठा, वतने आणि नातेसंबंध अधिक गुंतागुंतीचे होते.

परांडा किल्ला येथून फार दूर नाही. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीचा कारभार काही काळ परांड्याहून चालला. विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ तेथूनच नेली गेली. मंगळवेढे तालुक्यातील भीमाकाठच्या ब्रह्मपुरी येथे १६९५ पासून सुमारे चार वर्षे औरंगजेबाची छावणी होती आणि माचणूरचा किल्ला त्या काळाची साक्ष देतो. १६८९ मध्ये रायगड पडल्यानंतर येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहूंची सुटका १७०७ मध्ये झाली, तर येसूबाई १७१९ मध्ये परतल्या. ‘महाराणी येसूबाई’ पाहिलेल्या विद्यार्थ्याला माचणूरच्या तटावर नेऊन हा कालक्रम सांगितला, तर तीस वर्षांच्या कैदेचा अर्थ त्याला कोणत्याही संवादापेक्षा अधिक कळेल.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

शिवजयंतीच्या अथवा महाराष्ट्र दिनाच्या निमित्ताने गावोगावी ऐतिहासिक चित्रपट दाखविले जातात. हा उपक्रम स्तुत्य आहे. तो अधिक फलदायी व्हावा यासाठी पुढील गोष्टी करता येतील.

पहिली, चित्रपटापूर्वी दहा मिनिटांत शिक्षकाने प्रसंगाचे साल, स्थळ व प्रमुख व्यक्ती फळ्यावर मांडाव्यात. दुसरी, चित्रपटानंतर विद्यार्थ्यांकडून तीन रकाने भरून घ्यावेत : पुराव्याने सिद्ध झालेले, शक्य असलेले आणि लेखक-दिग्दर्शकाने कल्पिलेले. तिसरी, शक्य तेथे नजीकचा किल्ला, समाधी वा मंदिर यांची सहल योजावी आणि तेथे कचरा न करणे, दगडांवर नावे न कोरणे ही शिस्त पाळावी. चौथी, गावातील वृद्धांकडून तंबूतल्या सिनेमाच्या आठवणी लिहून घ्याव्यात, कारण त्या पिढीबरोबर हा ठेवाही नाहीसा होत आहे.

जपणुकीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडील बहुसंख्य मूकपट कायमचे नष्ट झाले आहेत. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळ फिती आगीत आणि दुर्लक्षात गेल्या होत्या. गावातील जुन्या चित्रपटगृहात अथवा एखाद्या घरात जुनी फीत, जाहिरातीचा कागद किंवा स्थिरचित्र आढळल्यास ते रद्दीत न घालता योग्य संस्थेकडे पोहोचविणे हे प्रत्येक सुजाण पंचायत सदस्याचे काम होय.

उपसंहार

चंद्रकांत मांडरे यांनी उतारवयात आपला खरा वारसा कोणता मानला, हे त्यांच्या कृतीवरून दिसते. निसर्गचित्रांत रमलेल्या या कलावंताने कोल्हापुरातील राजारामपुरीतील आपले घर आणि चित्रसंग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तेथे आज चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. पडद्यावर राजाचा पोशाख ल्यालेल्या नटाने स्वतःचे घर लोकांच्या नावे करावे, यातील औदार्य मोठे आहे. त्यांच्या चित्रपटांकडेही त्याच भावनेने पाहावे : मनापासून आस्वाद घ्यावा आणि मग पुराव्याकडे वळावे. देखण्या नायकाने मुलाच्या मनात इतिहासाचे कुतूहल जागविले, तर त्याचे काम झाले. पुढचे काम शिक्षकाचे आहे.