अँटीबॉडी, पेशीचा सांगाडा आणि बारावीनंतरचा निर्णय

नीटमध्ये हवे तेवढे गुण मिळाले नाहीत की बहुतेक घरांत जीवशास्त्राचा विषयच मिटतो. एक तर पुन्हा वर्षभर क्लास, नाहीतर कुणीतरी ‘बायोटेकला स्कोप आहे’ म्हणालं म्हणून घाईघाईने घेतलेला प्रवेश. पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे. फीचे आकडे मोठे असतात आणि निर्णयाला हाती मोजके दिवस. पण या घाईत प्रश्नच चुकीचा विचारला जातो. कोणत्या शाखेला मागणी आहे यापेक्षा, त्या शाखेतून बाहेर पडताना आपल्या मुलाला किंवा मुलीला नेमकं कोणतं काम येत असेल, हे विचारायला हवं. जीवशास्त्रात नुसत्या पदवीच्या नावावर फारसं काही मिळत नाही. एखादं अवघड काम हाताला बसलेलं असणं आणि त्याचा निकाल खरा की फसवा हे ओळखता येणं, याला किंमत आहे. हे एका कामाच्या आधारे दाखवता येईल: अँटीबॉडी वापरून पेशीच्या सांगाड्यातली प्रथिनं शोधणं. मुंबईतल्या परळमध्ये हे काम रुग्णांसाठी नेहमी चालतं, आणि त्याचा पाया अकरावी-बारावीच्या पुस्तकांत आहे.

पेशीच्या आत धाग्यांचा सांगाडा असतो. अ‍ॅक्टिनच्या सुमारे ७ नॅनोमीटर जाडीच्या तंतूंवर पेशीची हालचाल चालते. ट्युब्युलिनच्या २५ नॅनोमीटरच्या नळ्यांवरून पेशीतल्या मालाची ने-आण होते आणि विभाजनाच्या वेळी त्याच नळ्या गुणसूत्रं वेगळी करतात. या दोहोंच्या मधल्या जाडीचे, १० नॅनोमीटरचे तंतू पेशीला ताण सोसायचं बळ देतात. या मधल्या तंतूंची खुबी अशी की ते कोणत्या प्रथिनाचे आहेत यावरून पेशी मूळची कुठली याचा माग लागतो. त्वचा आणि अवयवांच्या अस्तरात केराटिन, स्नायूत डेस्मिन, संयोजी ऊतीत व्हायमेंटिन. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे ओळखू येत नाहीत. अँटीबॉडी मात्र हजारो प्रथिनांतून एकच नेमकं धरते, आणि तिला चमकणारा रंग जोडला की धागे उजळून दिसतात. एलियास लाझारिडीस आणि क्लाउस वेबर यांनी १९७४ मध्ये अ‍ॅक्टिनचे तंतू असे दाखवले. पुढच्याच वर्षी कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच जातीची अँटीबॉडी हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली. १९८४ च्या नोबेल पारितोषिकात त्या शोधाचा वाटा होता. परळला अँटीबॉडीची ओळख त्याच्याही आधीपासूनची आहे. हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तातून मिळवलेलं सर्पविषावरचं प्रतिविष म्हणजे अँटीबॉडीच.

आता टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात हे काम कसं होतं ते पाहू. गाठीचा छोटासा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो. त्याचा मेणात ठोकळा करतात आणि मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. काप कोमट पाण्यावर तरंगवून, सुरकुती न पडू देता, काचपट्टीवर उचलायचा असतो. हात थोडा हलला तरी तो फाटतो किंवा दुमडतो. मग मेण उतरवायचं, ठरावीक द्रावणात काप तापवून फॉर्मॅलिनने झाकलेलं प्रथिन मोकळं करायचं, अँटीबॉडी घालायची, धुवायचं, दुसरी अँटीबॉडी, पुन्हा धुवायचं. शेवटी जिथे प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग उमटतो आणि केंद्रकं निळी दिसतात. काही गाठींतल्या पेशी इतक्या बिघडलेल्या असतात की नुसत्या नजरेने त्यांचं मूळ कळत नाही. केराटिन उमटलं तर कौल अस्तराच्या कर्करोगाकडे जातो, डेस्मिन उमटलं तर स्नायूच्या गाठीकडे. दोन्ही नसतील तर लिम्फोमा आणि इतर शक्यता तपासाव्या लागतात. यातल्या प्रत्येकाचा उपचार निराळा. अहवालावर सही एमडी पॅथॉलॉजिस्टची असते, पण ती सही उभी राहते तंत्रज्ञाच्या हातावर.

याच कामाला संशोधनाची बाजू आहे. परळला १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, १९६६ मध्ये ते आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटल एका छत्राखाली आले, आणि २००२ पासून ते संशोधन खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये चालतं. तिथल्या मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेने तोंडाच्या कर्करोगातल्या केराटिनवर दीर्घ काम केलं आहे. गालाच्या निरोगी अस्तरात सहसा न दिसणारी केराटिन ८ आणि १८ कर्करोगाच्या पेशींत दिसू लागतात. ती तिथे का येतात आणि आल्यावर पेशीची घुसखोरी कशी बदलते, हा त्या कामाचा गाभा. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग ज्या देशात इतका आढळतो, तिथे हा प्रश्न कुतूहलापुरता राहत नाही.

आणि इथेच माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा आहे. माणसात केराटिनची ५४ जनुकं आहेत आणि त्यांची प्रथिनं एकमेकांशी बरीच मिळतीजुळती. एकासाठी घेतलेली अँटीबॉडी दुसऱ्यालाही धरू शकते. चित्र सुंदर येतं आणि निष्कर्ष चुकतो. पेशी स्थिर करण्याची पद्धत बदलली तरी निकाल बदलतो: गार मिथेनॉलमध्ये केराटिन किंवा ट्युब्युलिन अनेकदा छान दिसतं, पण त्याच पेशींत चमकणारा रंग जोडलेल्या फॅलॉइडिनने अ‍ॅक्टिन पाहायला गेलं तर हाती काही लागत नाही, कारण मिथेनॉलने अ‍ॅक्टिनची ठेवण बिघडलेली असते. म्हणून पहिली अँटीबॉडी न घालता एक काचपट्टी, प्रथिन नक्की असलेल्या ऊतीची एक, आणि शक्य असेल तर ते जनुकच काढून टाकलेल्या पेशींची एक, अशा तुलनेच्या पट्ट्या लावतात. हा कंटाळवाणा भाग जो मुलगा टाळत नाही, तोच पुढे टिकतो. बाजारातल्या अँटीबॉडींचा भरवसा हा जगभर चिंतेचा विषय आहे. २०१५ मध्ये शंभरावर शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मधून त्यांच्या प्रमाणीकरणाची मागणी केली. त्यानंतर ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटीबॉडी पद्धतशीर तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच अपेक्षित काम करत नसल्याचं दिसलं. अँटीबॉडी-औषधं आणि निदानाचे संच बनवणाऱ्या कंपन्यांच्या गुणवत्ता विभागाला हीच पारख असलेली माणसं लागतात. मुलाखतीत ‘कोणती तंत्रं येतात’ याची यादी सगळेच सांगतात. ‘तुझा निकाल चुकीचा असता तर तुला कसं कळलं असतं’ याचं उत्तर थोड्यांकडे असतं.

पालकांचा पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो रास्त आहे. बारावीनंतर एमएस्सीपर्यंत पाच वर्षं, पीएचडीला आणखी पाच-सहा. म्हणजे तिशी जवळ येते. पण ही सगळी वर्षं घरच्या खर्चाने काढायची नसतात. सीएसआयआर, डीबीटी किंवा आयसीएमआरची परीक्षा उत्तीर्ण होऊन फेलोशिप मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. यातली अडचणही सांगायला हवी: या परीक्षा कठीण आहेत, फेलोशिप कधीकधी उशिरा हाती पडते, आणि पीएचडी झाली म्हणून कायमची नोकरी मिळतेच असं नाही. ज्या घराला तीन-चार वर्षांत पगार हवाच आहे, त्याने मुलाला पीएचडीच्या वाटेवर ढकलू नये. त्या घरासाठी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची वाट आहे आणि ती कमीपणाची अजिबात नाही. फक्त संस्थेची मान्यता आधी तपासा. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे, त्यामुळे कुणाच्या तरी गाळ्यात चालणारं प्रमाणपत्र पुढे अडचणीत आणू शकतं.

दुसरा आक्षेप मुलींच्या बाबतीत येतो: इतकं शिकायचं तर लग्नाचं काय? परळच्या त्याच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये याचं उत्तर आहे. तिथल्या संशोधक कमल रणदिवे यांच्या वडिलांना मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं असं वाटत होतं. कमल यांनी यातलं काहीच केलं नाही. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न, त्यानंतर १९४३ मध्ये एमएस्सी, १९४९ मध्ये पीएचडी, मग अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचं शिक्षण. परत आल्यावर त्यांनी मुंबईत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, जी देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी होती. १९७३ मध्ये इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन करण्यात त्या पुढे होत्या. त्या काळात हे जमलं ते घरचा पाठिंबा होता म्हणून, आणि पाठिंबा देणं आजही पालकांच्याच हातात आहे.

यंत्रं हे काम काढून घेतील, असंही म्हणतात. मोठ्या रुग्णालयांत काचपट्ट्या रंगवणारी यंत्रं केव्हाच आली आहेत आणि तपकिरी पेशी मोजणारं सॉफ्टवेअरही आहे. पण तुकडा फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला होता की गरजेपेक्षा जास्त राहिला, अँटीबॉडीची नवी बाटली जुनीसारखीच वागते का, हे ठरवायला जबाबदार माणूस लागतो. नुसतं थेंब टाकण्याचं काम नक्कीच कमी होईल. म्हणून नुसतं थेंब टाकणं शिकवणारा कोर्स घेऊ नये.

विल्सन, कीर्ती, महर्षी दयानंद, रुइया, कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेण्याआधी त्या विभागात जाऊन विचारा: आठवड्यात प्रत्यक्ष प्रयोगाचे तास किती, सूक्ष्मदर्शकावर प्रत्येकाला बसायला मिळतं की चौघांत एक, तिसऱ्या वर्षाला स्वतंत्र प्रकल्प असतो का. विज्ञानाची ओढ खरीच असेल तर बारावीतच नेस्ट आणि आयसरची प्रवेश परीक्षा द्यावी. नेस्टमधून कलिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रात एकात्मिक एमएस्सीला प्रवेश मिळतो, म्हणजे मुंबईतल्या मुलांना घरी राहून शिकता येतं. बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम आणि गॅट-बी, टीआयएफआरसाठी त्यांची स्वतःची परीक्षा. एमएस्सीचा प्रकल्प कॉलेजातच उरकण्यापेक्षा संशोधन संस्थेत मिळवण्याचा प्रयत्न करावा. परळची प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था आणि केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या त्यांपैकी जवळच्या. खारघरसाठी कॉटनग्रीनहून हार्बरची पनवेल गाडी आहे. अर्ज बरेच महिने आधी करावे लागतात आणि अनेकांना उत्तर येत नाही. तरी दहा ठिकाणी लिहावं, आणि प्रत्येक पत्रात त्या प्रयोगशाळेचा एक तरी शोधनिबंध वाचल्याचं दिसू द्यावं.