भाजीचा स्वभाव व तिची सांठवण

बाजाराच्या दिवशीं घरची बाई पै-पैसा मोजून भाजी आणते. परंतु पुढील बाजार येण्यापूर्वींच तिचा कांहीं भाग उकिरड्यावर जातो. हें आम्हीं पुष्कळ घरीं पाहिलें आहे, व आमचें घरही त्यास अपवाद नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें, २०२२ ह्या एका वर्षांत जगांतील घरें, खाणावळी व दुकानें मिळून सुमारें १०५ कोटी टन अन्न वाया गेलें, आणि त्यांपैकीं शेंकडा ६० भाग घरांतला होता. ह्यास्तव ह्या दोषावरील उपायाचा आरंभ चुलीपाशींच झाला पाहिजे.

प्रथम मूळ तत्त्व समजून घेऊं. तोडलेली भाजी निर्जीव नसते. ती श्वासोच्छ्वास करीत असते व तिच्यांतील पाणी उडत असतें. उष्णता जितकी अधिक, तितकी ती लवकर झिजते. तथापि सर्वांचा स्वभाव एक नाहीं, म्हणून सर्वांस एकाच टोपलींत कोंबणें ही पहिली चूक होय.

कांदा व लसूण ह्यांस कोरडी, वाहती हवा पाहिजे. उन्हाळी कांदा उपटल्यावर पातीसह तीन दिवस शेतांत सुकवावा. मग इंचभर मान ठेवून पात कापावी व दहा-बारा दिवस सावलींत वाळवून तट्ट्यावर पातळ पसरावा. खरिपाचा कांदा फार टिकत नाहीं. तो आधीं संपवावा.

बटाट्यास अंधार पाहिजे. उजेडांत तो हिरवा पडतो व त्यांत सोलानिन नांवाचें विष वाढतें. असा बटाटा खाऊं नये. तो कांद्याजवळही ठेवूं नये.

मेथी, पालक, कोथिंबीर ह्यांस ओलावा पाहिजे. कुजकीं पानें निवडून काढावीं व जुडी पिळलेल्या ओलसर फडक्यांत गुंडाळून थंड जागीं ठेवावी.

एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, ही म्हण आपण जाणतों. शिवाय पिकत्या आंब्यांतून व केळ्यांतून एथिलीन नांवाचा वायु निघतो, व त्यानें शेजारची पालेभाजी पिवळी पडते. म्हणून पिकतें फळ वेगळें ठेवावें.

ज्या घरीं फ्रीज नाहीं, किंवा वीज वारंवार जाते, तेथें दोन मडक्यांची युक्ति करावी. नायजेरियांतील मोहम्मद बाह अब्बा नांवाच्या शिक्षकानें तिचा प्रसार केला व त्यास २००० सालीं रोलेक्स पारितोषिक मिळालें. मोठ्या कच्च्या रंगाच्या, म्हणजे बिनलुकणाच्या, मडक्यांत लहान मडकें बसवावें, मधल्या जागेंत वाळू भरून ती दोन वेळां भिजवावी, आणि तोंडावर ओलें फडकें घालावें. पाणी उडतांना आंतील उष्णता घेऊन जातें. खानदेश, मराठवाडा व विदर्भ येथील कोरड्या उन्हाळ्यांत हें चांगलें चालतें. कोंकणांत किंवा पावसाळ्यांत फारसें नाहीं. कांदा मात्र त्यांत घालूं नये.

आतां ह्या आठवड्यासाठीं एक नेम सांगतों. भाजी टाकण्यापूर्वीं तिचें नांव व नासण्याचें कारण मुलांच्या पाटीवर लिहावें. पुढील बाजारास निघतांना ती पाटी वाचावी; काय कमी घ्यावें व काय कोठें ठेवावें, हें तीच सांगेल. शेतकऱ्यानें घाम गाळून पिकविलेलें व आईनें डोक्यावर वाहून आणलेलें अन्न ताटापर्यंत पोहोंचविणें हें एकट्या तिचें नव्हे, सर्व घराचें काम आहे.