भरीत आणि दारू : अंगास काय लागतें?

‘दारूनें अंगांत ऊब येते, बळ येतें, मग ती अन्न नव्हे असें कां म्हणतां?’ कापूस वेचून दमलेला एखादा भाऊ असें विचारतो तेव्हां आमचे पुष्कळ शिक्षक नुसते रागें भरतात. रागें भरून प्रश्न सुटत नाहीं. त्याच्या बोलण्यांत थोडें तथ्य आहे, आणि तें आपण आधीं मान्य केलें पाहिजे.

महाराष्ट्रांतील परवान्याची देशी दारू घेऊं. तिच्या १०० भागांत बहुधा ४२.८ भाग मद्यार्क असतो. १८० मिलिलिटरच्या बाटलींत त्याचें वजन सुमारें ६० ग्रॅम भरतें, आणि दर ग्रॅमास ७ कॅलरी या हिशेबानें ४२० कॅलरी होतात. उलट १०० ग्रॅम वांग्यांत सुमारें २५ कॅलरी, व ९२ ग्रॅम तर पाणीच! एवढाच आंकडा पाहिला तर दारू जिंकली.

परंतु कॅलरी म्हणजे सरपण होय. नुसत्या सरपणानें भिंत उभी राहत नाहीं. तिला माती व दगड लागतात. दारूंत प्रथिन नाहीं, लोह नाहीं, जीवनसत्त्व नाहीं. शरीर मद्यार्क सांठवूं शकत नाहीं, म्हणून यकृत इतर अन्न बाजूस सारून तोच आधीं जाळीत बसतें. तासास साधारण ७ ग्रॅम. म्हणजे एका बाटलीस आठ तासांहून अधिक! शिवाय नित्य पिणाऱ्याच्या आंतड्यांत ‘ब१’ जीवनसत्त्व नीट शोषलें जात नाहीं. आणि ती ऊब? रक्त कातडीकडे धांवतें म्हणून अंग तापल्यासारखें वाटतें, पण आंतली उष्णता बाहेर जाते. पौषाच्या रात्रीं पिऊन शेतांत निजणारा राखणदार यानेंच धोक्यांत येतो.

आतां भरीत पाहा. जळगांवच्या भरिताच्या वांग्यास इ. स. २०१६ त भौगोलिक मानांकन मिळालें. यावल तालुक्यांतील भालोद, बामणोदकडचीं वांगीं प्रसिद्धच आहेत. कपाशीच्या काड्यांवर वांगें आपल्याच सालींत भाजलें जातें. पाणी ओतून टाकावें लागत नाहीं, म्हणून त्यांतील क्षार त्यांतच राहतात. मग मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि मुख्य म्हणजे शेंगदाणे; १०० ग्रॅम दाण्यांत सुमारें २५ ग्रॅम प्रथिन असतें. जोडीला कळण्याची भाकरी. ज्वारीच्या प्रथिनांत जें उणें, तें उडीद भरून काढतो. आमच्या आयाबायांनीं हें कोणत्या पुस्तकांत वाचलें होतें? शिवाय बाटली एकाच्या पोटांत जाते. भरिताच्या पातेल्याभोंवतीं लेंकरेंही बसतात.

कोणी म्हणेल, मोहाचें फूल तर पौष्टिक आहे. खरें आहे. शिरपुराच्या उत्तरेस सातपुड्यांत भिल्ल व पावरा कुटुंबें तें वाळवून ठेवीत व खात आलीं आहेत. पण भट्टींत मडक्यांतून वर जाते ती वाफ. फुलांतील क्षार व प्रथिनें मडक्याच्या तळाशीं राहतात, आणि माणूस वाफ विकत घेतो. तेव्हांच्या पश्चिम खानदेशांत इ. स. १९३८ त गुलामहाराजांच्या सांगण्यावरून पुष्कळ भिल्लांनीं दारू सोडली, हें येथें आठवावें.

एक सूचना मात्र जरूर पाळावी. वर्षानुवर्षें रोज फार पिणाऱ्यास एकाएकीं थांबविल्यास कंप, भ्रम, क्वचित् झटके येतात. त्यास उपदेश करून घरीं एकटा सोडूं नये. सरकारी दवाखान्यांत न्यावें.

वर्ग घेतांना दोन बशा उन्हांत ठेवाव्या, चुलीपासून दूर. एकींत चमचाभर पहिल्या धारेची मोहाची दारू, दुसरींत चमचाभर भरीत. दारू आणावी कोठून, हें आम्हांस विचारूं नये. संध्याकाळीं पहिली बशी कोरडी दिसेल. दुसरींतील वाळलेलें भरीत तव्यावर पूर्ण जाळून पाहावें. जी करडी राख उरेल ती मुलांना बोटानें चोळून पाहूं द्यावी. तेच ते क्षार.