‘ढ’ म्हणण्यापूर्वी : विशेष गरजा असलेल्या मुलांचे मज्जामानसशास्त्रीय मूल्यमापन व साहाय्य

ताप, जुलाब किंवा धाप घेऊन येणाऱ्या बालकाचे निदान बहुधा त्याच दिवशी होते. परंतु जे मूल वेळेवर बोलत नाही, वर्गात एका जागी बसत नाही, तिसरीत जाऊनही वाचू शकत नाही, त्याचे निदान व्हायला आपल्याकडे कित्येक वर्षे जातात. निवाडे मात्र ताबडतोब होतात. शाळा म्हणते ‘आळशी आहे’, शेजारी म्हणतात ‘लाडावले आहे’, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘याचा बापही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, बोलेल हळूहळू.’ या तिन्ही निवाड्यांमध्ये मुलाची तपासणी कोणीच केलेली नसते. प्रस्तुत लेखात ही तपासणी म्हणजे काय, ती कोणी व केव्हा करावी, आणि तिच्यातून मुलाच्या हाती काय पडावे, याचा विचार करावयाचा आहे. खातेगांवसारख्या तालुक्याच्या गावी, घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आपल्या समाजाच्या संदर्भात या विषयाला आणखी एक पैलू आहे. त्याचाही परामर्श घेतला आहे.

मूल्यमापन म्हणजे काय?

अनेक पालक मेंदूचा एमआरआय आणि ईईजी यांच्या फाइली घेऊन येतात व ‘सर्व नॉर्मल आहे, तरी हा शिकत का नाही?’ असे विचारतात. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, ईईजी त्यातील विद्युतलहरी दाखवतो. मेंदू काम कसे करतो, हे या दोन्हींतून कळत नाही. न्यूरोसायकॉलॉजिकल म्हणजेच मज्जामानसशास्त्रीय मूल्यमापन नेमके हेच पाहते. अवधान, स्मरणशक्ती, भाषेचे आकलन व अभिव्यक्ती, दृष्टी आणि हाताचा मेळ, माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग, नियोजन व आत्मनियंत्रण, वाचन-लेखन-गणित, आणि दैनंदिन जीवनातील व भावनिक वर्तन अशा निरनिराळ्या कार्यांची स्वतंत्र पाहणी त्यात केली जाते. त्यातून मुलाची बलस्थाने कोणती व उणिवा कोणत्या, याचा आलेख तयार होतो. उपचाराची दिशा हा आलेखच ठरवतो. केवळ ‘बुद्ध्यंक ७८’ असा एका ओळीचा शेरा हाती ठेवणे म्हणजे मूल्यमापन नव्हे.

कसोट्यांचा इतिहास आणि मराठी मुलूख

फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली बुद्धिमापन कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळ्या साहाय्याची गरज आहे का, हे ओळखणे हा तिचा हेतू होता. बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. पुढे मात्र साहाय्यासाठी निघालेले हे साधन मुलांवर शिक्का मारण्यासाठी वापरले जाऊ लागले, हा इतिहासाचा विपर्यास होय.

आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की या कसोटीचे भारतीय रूपांतर करण्याचे एक महत्त्वाचे काम मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी झाले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात हे रूपांतर सिद्ध केले. ‘बिने-कामत’ या नावाने ते आजही वापरात आहे. त्यानंतर डॉ. आर्थर मॅलिन यांनी नागपूर येथे वेश्लर यांच्या बालबुद्धिमापन कसोटीचे भारतीय रूपांतर केले. १९६९ चे हे रूपांतर ‘मिसिक’ या संक्षिप्त नावाने सर्व मानसशास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहे. मुलाची सामाजिक परिपक्वता, म्हणजे स्वतः जेवणे, कपडे घालणे, रस्ता ओलांडणे, पैशाचा व्यवहार करणे ही कौशल्ये मोजणाऱ्या व्हाइनलँड मापिकेचे नागपूर रूपांतरही मॅलिन यांचेच. त्यात ८९ बाबी असून बरीचशी माहिती पालकांच्या मुलाखतीतून मिळते.

या कसोट्यांच्या मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. त्यांचे प्रमाणक जुने आहेत. अनेक दशकांपूर्वीच्या मुलांवर बसवलेला मापदंड आजच्या मुलाला लावताना तज्ज्ञाने तारतम्य बाळगावे लागते.

परीक्षा कोणत्या भाषेत?

आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वाधिक दुर्लक्षितही आहे. आपल्या घरातील मूल आजीशी मराठी बोलते, गल्लीत हिंदी व माळवी ऐकते आणि शाळेत पुष्कळदा इंग्रजी माध्यमातून शिकते. अशा मुलाची शाब्दिक कसोटी केवळ हिंदीत घेतली, तर उणीव बुद्धीची आहे की भाषेची, हे कळणार कसे? शब्दार्थाच्या परीक्षेत ‘शिक्षा’ म्हणजे काय, असे विचारल्यावर मराठी घरातील मूल ‘मारणे, रागावणे’ असे उत्तर देईल. हिंदीत ते चूक ठरेल. ‘चेष्टा’ शब्दाचीही हीच गत.

अंकांचे उदाहरण आणखी बोलके आहे. मराठीत व हिंदीत ‘सत्तावीस’, ‘सत्ताईस’ म्हणताना एकक आधी व दशक नंतर येते. लिहिताना क्रम उलटा होतो. इंग्रजीत उच्चार व लेखन यांचा क्रम एकच असतो. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी पर्यायी संख्यानामे आली, तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी संख्यानामे मुलाच्या मेंदूवर भार टाकतात, ही गोष्ट मान्य करावी लागते. म्हणून अंकस्मरणाची चाचणी मूल ज्या भाषेत मनातल्या मनात मोजते त्या भाषेत घ्यावी.

काही वर्षांपूर्वी एक नऊ वर्षांचा मुलगा आजोबांबरोबर माझ्याकडे आला. शाळेने ‘याला काढून घ्या’ असे सांगितले होते आणि हिंदीत घेतलेल्या एका कसोटीचा ‘सीमारेषेवरील बुद्धी’ असा कागद सोबत होता. आजोबा दुकानातील हिशेब तोंडी विचारत, तो बिनचूक सांगे. परंतु दोन ओळी वाचताना घामाघूम होई. मराठी जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे पूर्ण मूल्यमापन झाले. ठोकळ्यांच्या रचना, अपूर्ण चित्रे अशा कृतिकसोट्यांत तो सरासरीच्या वर होता, मराठीतील शाब्दिक कसोट्यांतही सरासरीत होता. वाचन व शुद्धलेखन मात्र दोन इयत्ता मागे होते. निदान विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे डिस्लेक्सियाचे झाले. देवनागरीत अशी मुले बहुधा मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ व जोडाक्षरे यांत अडखळतात. कित्येकदा वाचन अचूक असते, पण अतिशय मंद असते. या मुलाच्या बाबतीत चुकीच्या भाषेतील एका परीक्षेवर त्याचे पुढील सर्व शिक्षण पणाला लागले होते.

एक सूचना येथेच करतो. ‘घरात मराठी बोलणे बंद करा, मूल गोंधळते’ असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्नता किंवा भाषादोष उत्पन्न होत नाही. आजी-आजोबांशी असलेला संवाद तोडून मुलाचे नुकसानच होते.

मूल्यमापनापूर्वी वैद्यकाने काय पाहावे?

मानसशास्त्रज्ञाकडे पाठवण्यापूर्वीची जबाबदारी आपणा डॉक्टरांची आहे. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी झालीच पाहिजे. टाळी वाजवून मूल वळले, एवढ्यावर समाधान मानू नये. लहान मुलांत बेरा तपासणी करावी. पडद्यामागे पाणी साचल्याने ऐकू कमी येणारी मुले ‘लक्ष देत नाहीत’ या सदरात जमा होतात. दृष्टी, थायरॉइड, रक्तक्षय, झोप आणि क्षणभर शून्यात पाहण्याचे अपस्माराचे झटके, या सर्वांचा शोध घ्यावा. जन्मतः उशिरा रडणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, मेंदुज्वर यांची विचारणा करावी.

पालकांनी पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात. तीन महिन्यांपर्यंत आईकडे पाहून न हसणे, पाच महिन्यांपर्यंत मान न धरणे, दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षापर्यंत न चालणे किंवा एकही अर्थपूर्ण शब्द न बोलणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे, नावाने हाक मारल्यास न वळणे, बोट दाखवून वस्तू न मागणे. आणि कोणत्याही वयात आलेले कौशल्य गमावणे. यांपैकी काहीही आढळल्यास थांबू नये. मेंदूची लवचीकता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. त्या काळात ‘वाट पाहणे’ हा उपाय नव्हे. याउलट अध्ययन अक्षमतेचे निश्चित निदान साधारण आठ वर्षे वयानंतर, म्हणजे तिसरीच्या सुमारास करावे. पहिलीतील मुलावर ते लादू नये.

अहवाल कसा वाचावा?

बुद्ध्यंकाची सरासरी १०० असते आणि सुमारे दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ या दरम्यान असतात. ७० पेक्षा कमी बुद्ध्यंक आणि दैनंदिन कौशल्यांतही तशीच उणीव, या दोन्ही गोष्टी असतील तरच बौद्धिक अक्षमतेचे निदान होते. आजारी, भुकेल्या किंवा घाबरलेल्या मुलाचा आकडा ग्राह्य धरू नये. अहवालात चाचणीची भाषा, मुलाचे सहकार्य आणि प्रत्येक उपकसोटीचे गुण यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. शेवटी ‘काय करावे’ याच्या शिफारशी नसतील, तर तो अहवाल अपूर्ण समजावा. ७० ते ८४ या दरम्यानच्या मुलांची विशेष काळजी घ्यावी. त्यांना प्रमाणपत्र मिळत नाही आणि सामान्य वर्गाचा वेगही झेपत नाही. दोन्हींच्या मध्ये सापडलेली ही मुले शाळा सोडण्याची भीती फार असते.

साहाय्य : घर, शाळा, शासन

अशा मुलांसाठी बुद्धी वाढवणारे टॉनिक अस्तित्वात नाही. स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची जाहिरात करणाऱ्यांपासूनही सावध राहावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच अशा उपचारांच्या विरोधात मत दिले होते. उपयोग होतो तो वाचा-उपचार, व्यवसायोपचार, वर्तनोपचार, विशेष शिक्षण आणि मुख्यतः पालकांचे प्रशिक्षण यांचा. अतिचंचलतेत सहा वर्षांवरील निवडक मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधांचा चांगला लाभ होतो. त्याहून लहान मुलांत पालक-प्रशिक्षण प्रथम.

शाळेने पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील टिपण, तोंडी परीक्षा व अधिक वेळ एवढे दिले, तरी पुष्कळ साधते. महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्यास १९९६ मध्येच मान्यता दिली होती. देशपातळीवर मात्र १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात या मुलांचा उल्लेखच नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यात स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश झाला. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि भेदभाव न करता प्रवेश देणे शाळांवर बंधनकारक आहे. म्हणूनच ‘काढून घ्या’ असे म्हणणाऱ्या शाळेला आपण नम्रपणे, पण ठामपणे हा कायदा दाखवू शकतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत व सरकारी शाळेत येऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. दिव्यांग ओळखपत्र ऑनलाइन अर्जाने मिळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. सीहोर येथे राष्ट्रीय मानसिक आरोग्य पुनर्वसन संस्था उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली होती. आपल्या भागाच्या दृष्टीने ही संस्था महत्त्वाची आहे.

आपण काय करू शकतो?

इंदूर किंवा भोपाळला दर आठवड्याला जाणे मजुरी बुडवणाऱ्या आईला शक्य नसते. तिने महिन्यातून एकदा जाऊन शिकून यावे, आणि घरी रोज अर्धा तास तोच पाठ करावा, ही पद्धत मला अधिक फलदायी वाटते. त्यासाठी स्थानिक डॉक्टर, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी तिला आधार द्यावा. लसीकरणाला आलेल्या प्रत्येक बालकाच्या आईला ‘बाळ काय काय करते?’ हा एक प्रश्न आपण सर्व व्यवसायबंधूंनी विचारला, तरी कितीतरी मुले वेळेत सापडतील. आपल्या समाजातील निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी अशा दोन-तीन मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या व वाचून घेतल्या, तर त्यास कोणतेही अनुदान लागणार नाही. आणि लग्नकार्यात, हळदीकुंकवाला अशा मुलाला घरी ठेवून येण्याची पाळी आईवर येऊ नये, एवढे तर आपण सर्वजण आजपासूनच करू शकतो.

मूल्यमापनाचा कागद फाइलीत ठेवण्यासाठी नसतो. या मुलाला कसे शिकवले म्हणजे ते शिकेल, या प्रश्नाचे उत्तर त्यात असते. ते उत्तर शोधण्यापूर्वी कोणत्याही मुलाला ‘ढ’ म्हणण्याचा अधिकार शिक्षकांना नाही, पालकांना नाही आणि आपणा डॉक्टरांना तर मुळीच नाही.