सैल सॉकेट : फ्यूज उडत नाही म्हणून दुर्लक्ष नको

आपल्या कारागीर वस्त्यांत राहते घर आणि कामाची जागा यांत फारसे अंतर नसते. खाली दुकान, वर घर. किंवा एकाच खोलीत शिलाई मशीन, इस्त्री आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे. अशा ठिकाणी इस्त्रीची पिन सॉकेटमध्ये घट्ट बसेनाशी झाली की आपण काय करतो? पिनेचे पाय थोडे फाकवतो, फटीत काडी खोचतो आणि काम पुढे चालू ठेवतो. ‘खरेच बिघाड असता तर फ्यूज उडाला असता’ अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत चुकीची आहे.

फ्यूज किंवा एमसीबी वीज तोडते ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला तर. जोड सैल झाल्याने प्रवाह वाढत नाही. उलट किंचित कमी होतो. म्हणून फ्यूजला काही कळत नाही. शॉकपासून वाचवणारी आरसीसीबी बसवलेली असली तरी तिलाही हा दोष दिसत नाही.

मग धोका कोठे आहे? सैल जागी धातूला धातू पुरता टेकत नाही. तेथे विजेला अडथळा होतो आणि त्याची उष्णता बनते. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सैल जोडात केवळ अर्धा ओहम अडथळा असला, तरी त्या एवढ्याशा जागी ३५ वॅटहून अधिक उष्णता तयार होते. त्या उष्णतेने पितळी पट्टी काळवंडते, तिचा ताण जातो, जोड आणखी सैल होतो आणि उष्णता आणखी वाढते. शेवटी वायरवरचे आवरण वितळते, ठिणगी पडते आणि जवळच कापड असेल तर ते पेट घेते.

पुढील लक्षणे दिसताच तो पॉइंट वापरणे थांबवावे : पिन हलवताच यंत्र बंद-चालू होणे, करकर आवाज, जळका वास, पिन काढल्यावर तिचे पाय गरम लागणे, सॉकेटच्या भोकांभोवती पिवळा किंवा काळा डाग.

सैलपणा कोणता ते ओळखा

१) संपूर्ण बोर्ड भिंतीवर हलतो. भिंतीतील गिट्टी सुटलेली असते. भोक साफ करून नवी गिट्टी ठोकावी व योग्य लांबीचा स्क्रू बसवावा. हलणाऱ्या बोर्डामागे वायरीही ओढल्या जातात, म्हणून आतले जोडही तपासावेत.

२) बोर्ड घट्ट, पण सॉकेट हलते. सॉकेट धरणारे स्क्रू आवळले की काम होते. शीट तडकली असेल तर शीट बदलावी.

३) सॉकेट घट्ट, पण पिन सैल बसते. आतील पट्टीचा ताण गेलेला असतो. ती पक्कडीने दाबून पुन्हा वापरू नये. सॉकेटच बदलावे.

४) मागचा स्क्रू ढिला होऊन वायर हलते. हा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून सर्वांत घातक.

दुरुस्तीची रीत

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करा. मेन बंद असतानाही त्याची लाइन जिवंत राहते. टेस्टर चालतो की नाही हे आधी चालू पॉइंटवर पाहून घ्या, मग बंद केलेल्या सॉकेटची तिन्ही भोके तपासा. पायात कोरडी रबरी चप्पल हवी, हात कोरडे हवेत.

बोर्ड उघडल्यावर कोणती वायर कोठे आहे ते कागदावर लिहून घ्या. काळवंडलेला भाग कापून चकचकीत तांबे दिसेपर्यंत वायर सोला. सर्व तारा एकत्र पिळा, टोक दुमडा आणि स्क्रूखाली बसवा. एकही तार बाहेर राहू नये आणि आवरण स्क्रूखाली दबू नये. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहा. नव्या सॉकेटवरील अक्षरे पाहूनच जोडणी करा : ‘एल’ला स्विचमधून येणारी फेज, ‘एन’ला न्यूट्रल, ‘ई’ला अर्थिंग. अर्थिंगची वायर नको म्हणून मोकळी सोडू नका. इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरली तर तीच जीव वाचवते.

सॉकेट त्याच क्षमतेचे घ्यावे, आयएसआय चिन्ह पाहून. ६ अँपिअरच्या जागी १६ अँपिअरचे सॉकेट बसवले म्हणजे भिंतीतील बारीक वायर जाड होत नाही. गिझर किंवा मोठी शेगडी यांना मेनपासून वेगळी जाड वायर लागते.

येथे थांबा

आवरण भिंतीच्या आतपर्यंत जळलेले असेल, वायर ॲल्युमिनियमची असेल, अर्थिंगच नसेल किंवा नवे सॉकेटही गरम होत असेल, तर परवानाधारक वायरमनला बोलवा. जुने सॉकेट काढून तसेच बसवणे वेगळे आणि वायरिंगमध्ये फेरफार करणे वेगळे. दुसरे काम परवान्याशिवाय करू नये, असा विजेच्या नियमांचाही दंडक आहे.

दुकानातील गिऱ्हाइकाचा माल ही आपल्याकडची अमानत आहे. सॉकेटची किंमत एका जोडी कपड्याच्या शिलाईपेक्षाही कमी असते. तेव्हा महिन्यातून एकदा, दुकान बंद करताना, प्रत्येक पिन काढून तिच्या पायांना हात लावून पाहावा. जी गरम लागेल, तिचे सॉकेट दुसऱ्या दिवशी काम सुरू करण्याआधी बदलावे.