चार शैलींची शर्यत आणि न दिसणारी भिंत

जबलपूरच्या ग्वारीघाटावर उभे राहिले म्हणजे नर्मदेचे रुंद पात्र आणि पैलतीरावरील गुरुद्वारा दृष्टीस पडतो. पोहत पलीकडे निघालेला मनुष्य मधून मधून मान वर काढून अशा एखाद्या खुणेकडे पाहतो. प्रवाह आपल्याला खाली ओढीत आहे असे ध्यानात येताच तो आपली दिशा सुधारून घेतो. पोहणे हे हातापायांचे आणि दमाचे काम आहे अशी आपली समजूत असते. परंतु त्यातील बराच भार डोळे उचलीत असतात, याची जाणीव आपल्याला सहसा नसते.

ही खूण दिसतच नसेल तर पोहणाऱ्याने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर विदर्भातील एका जलतरणपटूने दिले आहे. जबलपूरहून सातपुडा ओलांडून दक्षिणेकडे आले म्हणजे नागपूर लागते. मूळच्या अमरावतीच्या व नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरीस असलेल्या कांचनमाला पांडे-देशमुख या पूर्णतः दृष्टिहीन आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको शहरात भरलेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत त्यांनी महिलांच्या २०० मीटर वैयक्तिक मिडले शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. या यशाचे मोल जाणण्यासाठी ही शर्यत काय आहे ते प्रथम पाहिले पाहिजे.

शर्यतीचे स्वरूप

मिडले म्हणजे चार शैलींची मिळून होणारी शर्यत. वैयक्तिक मिडलेमध्ये या चारही शैली एकच जलतरणपटू पोहते. त्यांचा क्रम नियमाने ठरलेला आहे : प्रथम बटरफ्लाय, नंतर बॅकस्ट्रोक, त्यानंतर ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल. पन्नास मीटर लांबीच्या तलावात २०० मीटरची शर्यत असेल, तर प्रत्येक शैलीच्या वाट्याला तलावाची एक लांबी येते. म्हणजेच जलतरणपटू तीन वेळा भिंतीला स्पर्श करून वळते आणि चौथ्या स्पर्शाला शर्यत संपते. प्रत्येक वळणाबरोबर शैलीही बदलते.

आरंभीच्या बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी पाण्याबाहेर काढून पुढे फेकावे लागतात. चारही शैलींत दमविणारी अशी हीच शैली आहे, आणि ती पहिली असल्यामुळे उरलेल्या तीन शैली थकलेल्या खांद्यांनीच पोहाव्या लागतात. बॅकस्ट्रोकमध्ये चेहरा वर असल्यामुळे श्वास मोकळा होतो. ब्रेस्टस्ट्रोक ही सर्वांत मंद शैली असून तिच्यात पायांच्या झटक्याला विशेष महत्त्व आहे. शेवटच्या टप्प्यात आधीच्या तिन्हींखेरीज कोणतीही शैली वापरता येते. व्यवहारात सर्वजणी वेगवान अशी क्रॉल हीच शैली निवडतात. एका शैलीत निष्णात असलेली जलतरणपटू येथे जिंकेलच असे नाही. जिची एकही शैली दुबळी नाही, तिच्यासाठी ही शर्यत आहे.

ऑलिंपिकमध्ये महिलांची ४०० मीटर वैयक्तिक मिडले शर्यत १९६४ साली टोकियो येथे प्रथम झाली. २०० मीटरची शर्यत १९६८ साली मेक्सिको शहरात सुरू झाली आणि अमेरिकेच्या क्लॉडिया कोल्ब हिने २ मिनिटे २४.७ सेकंदांत ती जिंकली. ज्या फ्रान्सिस्को मार्केझ तलावात कोल्बने हे पदक मिळविले, त्याच तलावात एकूणपन्नास वर्षांनी कांचनमाला उतरल्या.

अंधारातील मार्ग

दृष्टीविषयक अपंगत्व असलेल्या जलतरणपटूंचे तीन वर्ग केलेले आहेत. त्यांपैकी एस-११ या वर्गात जवळजवळ काहीच न दिसणारे स्पर्धक येतात. कोणाला उजेडाचा किंचित भास होत असेल तर त्याचाही लाभ मिळू नये म्हणून या वर्गातील सर्वांना काळे केलेले चष्मे घालावे लागतात. पाण्यात उतरल्यावर सर्वांचा अंधार सारखा होतो.

डोळस जलतरणपटू तळावर आखलेल्या काळ्या रेषेवरून सरळ जातात. दृष्टिहीन जलतरणपटूला ही रेषा नसते. तिला दोन मार्गिकांमधील दोराचा आधार घ्यावा लागतो. हात किंवा खांदा दोराला निसटता लागला की आपण एका बाजूला सरकत आहोत हे तिला समजते. मात्र असा प्रत्येक स्पर्श वेग कमी करतो. म्हणून दोराला कमीत कमी वेळा लागून सरळ जाणे हीच या वर्गातील पोहण्याची खरी विद्या होय.

दुसरा प्रश्न भिंतीचा. भिंत जवळ आली हे कसे कळावे? पहिला उपाय म्हणजे हात मोजणे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बॅकस्ट्रोकमध्ये डोळस जलतरणपटूलाही भिंत दिसत नाही. भिंतीपासून पाच मीटरवर तलावावर आडव्या टांगलेल्या पताका दिसल्या की ती हात मोजू लागते. अखेरचे ते पाच मीटर तीदेखील हिशेबावरच पोहत असते. दृष्टिहीन जलतरणपटूला हा हिशेब चारही शैलींत, पूर्ण लांबीभर ठेवावा लागतो, आणि प्रत्येक शैलीत हातांची संख्या निराळी असते. शिवाय थकव्याने हाताची झेप आखूड झाली की संख्या चुकते.

म्हणून नियमाने दुसरा उपाय सक्तीचा केला आहे. तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक साहाय्यक उभा असतो. त्याच्या हाती टोकाला मऊ गोळा बसविलेली लांब काठी असते. जलतरणपटू भिंतीजवळ येताच तो त्या काठीने तिच्या डोक्याला किंवा पाठीला हलकेच स्पर्श करतो. या साहाय्यकाला टॅपर म्हणतात. त्याचे काम दिसते तितके सोपे नाही. बटरफ्लाय व ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात लावावयाचे असतात. खूण उशिरा मिळाली तर हात किंवा डोके भिंतीवर आदळते. लवकर मिळाली तर जलतरणपटू हात लांबवून वाहत राहते आणि मोलाचा वेळ जातो. मिडलेमध्ये तर वेग, हाताची झेप आणि शरीराची स्थिती ही प्रत्येक लांबीला बदलतात. म्हणून चारही वेळा खुणेचा क्षण निराळा ठरतो. टॅपरला आपल्या जलतरणपटूची लय स्वतःच्या श्वासासारखी ठाऊक असावी लागते.

तलावाबाहेरची शर्यत

जागतिक स्पर्धेपूर्वी, जुलै २०१७ मध्ये, कांचनमाला बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या होत्या. तेथे त्यांनी रौप्यपदक मिळविले व त्या जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरल्या. परंतु मंजूर झालेला निधी वेळेवर हाती न आल्यामुळे त्या परक्या शहरात त्यांना पैशांच्या चणचणीला तोंड द्यावे लागले आणि उसनवारीवर दिवस काढावे लागले. त्यांना दिसत नसलेली तलावाची भिंत काठीच्या स्पर्शाने कळत होती. पैशांच्या बाबतीत मात्र असा वेळेवरचा स्पर्श त्यांना लाभला नाही.

मेक्सिकोतील स्पर्धाही ठरल्या वेळी झाली नाही. १९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या शहराला भूकंपाचा मोठा धक्का बसला. महिनाअखेर सुरू व्हावयाची स्पर्धा पुढे ढकलण्यात येऊन ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरली. एका विशिष्ट दिवसासाठी तयार केलेले शरीर आणखी दोन महिने त्याच तयारीत ठेवणे ही खेळाडूची मोठीच कसोटी असते. त्यातून मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत दम लवकर लागतो, आणि मिडलेमध्ये तर पहिल्याच लांबीला दम खर्ची पडतो. अशा स्थितीत मिळालेले ते सुवर्णपदक होते.

या पदकाच्या पंचेचाळीस वर्षे आधी, १९७२ साली, दुसऱ्या एका मराठी जलतरणपटूने असाच इतिहास घडविला होता. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. खूण फार उशिरा मिळण्याचे हे आणखी एक उदाहरण होय.

टॅपर जलतरणपटूला ओढीत नाही, ढकलीत नाही, तिच्या वाटणीचा एकही हात मारीत नाही. पोहणे सर्वस्वी तिचेच असते. तो फक्त योग्य क्षणी काठी पुढे करतो. अपंग खेळाडूंच्या बाबतीत समाजाचे आणि शासनाचे कर्तव्यही नेमके एवढेच आहे. दया नको, उचलून नेणे नको. तलाव, प्रशिक्षक, प्रवासखर्च आणि नोकरीतील सवड या गोष्टी ज्या वेळी हव्यात त्या वेळी पोहोचल्या पाहिजेत. पुढचे अंतर कापण्यास खेळाडू समर्थ असतो, हे मेक्सिकोच्या तलावातील त्या चार लांबींनी सिद्ध केले आहे.